तिथीवर येणारा भूकंप

आमच्या ओटीवर एक काळा फळा होता. शाळेत असतो तसाच, फक्त लहान. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून त्यावर खडूनं लिहीत : 'तिथी : शुद्ध त्रयोदशी. सूर्य : दोन डाग, पैकी एक वाढता. ज्वालामुखी : शांत. भूकंप : सावध असावे.' मग दोन पावलं मागे सरून अक्षर सरळ आलंय की नाही ते बघत, आणि त्यानंतरच चहा घेत. पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांची खबर घेतल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नसे.

वाडीतली माणसं हा फळा मनापासून वाचत. बायका चतुर्थी-एकादशी बघायला येत. दूध घालणारा येता-जाता विचारी, "काय हो, आज ज्वालामुखी काय म्हणतो?" बाबांना त्यातली थट्टा कधी कळलीच नाही. ते सायकलवरच्या त्या माणसाला थांबवून जगाच्या दुसऱ्या टोकाला कुठला डोंगर धुमसतोय ते सविस्तर सांगत, आणि आमचं दूध राहून जाई.

सूर्याचे डाग बघायची त्यांची पद्धत अशी. एका जुन्या दुर्बिणीतून उन्हाची तिरीप पांढऱ्या कागदावर पाडायची आणि त्या कवडशात काळे ठिपके शोधायचे. त्यातला एक ठिपका महिनोन्‌महिने जागचा हलत नव्हता. मी एकदा दुर्बिणीची काच पदरानं पुसली आणि तो गेला. बाबांना हे मी ओरडून, दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं, 'सूर्य : जुना डाग अकस्मात नाहीसा.'

ओरडून सांगायचं कारण, बाबांना ऐकू फार कमी येई. ते कोयना प्रकल्पात ओव्हरसियर होते, आधी पोफळीला, मग अलोऱ्याच्या वसाहतीत. उमेदीची सगळी वर्षं बोगद्यात गेली. सुरुंगांनी कान नेले, आणि भूकंपानं झोप नेली. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा मी नुकती पाळण्यातून उतरलेली. पहाटे जमीन हलली, बाबा ताडकन उठून बाहेर धावले आणि अंगणात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातात गजराचं घड्याळ आहे आणि बायको-मुलगी आत आहेत. आम्हांला ओरखडाही आला नाही. पण आई पुढं कुणीही पाहुणा आला की सांगे, "घड्याळ वाचवलनी हो!" सगळे हसत. बाबाही हसत, पण कानाची पाळी लाल होई. भूकंपाचा त्यांचा नाद तिथून सुरू झाला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला ते नुसतं खूळ वाटे, आणि वेळी-अवेळी मी तसं बोलूनही दाखवी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीजवळ, खाडीच्या अंगाला घर बांधलं. खरं म्हणजे आईनं बांधून घेतलं. आयुष्य सगळं सरकारी क्वार्टरमध्ये काढलेलं. तिथं भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी विचारावं लागे. नव्या घरात पाय टाकल्याबरोबर आईनं पहिलं काम काय केलं असेल, तर हातोडी घेऊन खिळे ठोकत सुटली. चाळणीला खिळा, पंचांगाला खिळा, सुपाला खिळा. काही खिळ्यांना टांगायला काही नव्हतंच. "असू देत," म्हणाली, "भिंत माझीच आहे." स्वैपाकाचा ओटा तिनं स्वतःच्या उंचीचा करून घेतला होता आणि त्यावरची खिडकी खाडीकडची. भाजी चिरताना तिला पाणी दिसे. एवढं सुख मी तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या खोलीत बाबांचं यंत्र होतं. वाशाला दोरी, दोरीला गवंड्याचा ओळंबा, ओळंब्याच्या टोकाखाली पितळी परात आणि परातीत रांगोळीचा पातळ थर. जमीन हलली की ओळंबा हलणार, आणि रांगोळीत रेघ उमटणार. शिवाय दोरीला एक घुंगरू. ते बाबांना ऐकू येण्याची शक्यता नव्हती, पण यंत्राला शोभा होती. आई म्हणे, "परात माझी, रांगोळी माझी. भूकंप तेवढा तुमचा."

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर रेघा उमटू लागल्या. बाबा आधी घाबरले आणि मग, मला वाटतं, सुखावले. कारण रेघा कधीही येत नव्हत्या. पौर्णिमेच्या आणि अवसेच्या आसपासचे दिवस, दुपारची जेवणं उरकून माणसं आडवी होतात ती वेळ. अष्टमीला रांगोळी जशीच्या तशी. चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आता ते त्यांच्या परातीत दिसत होतं. पावसाळ्यात रेघा बंद झाल्या. तेव्हा बाबांनी ठरवलं, पावसाळ्यात जमीन भिजून जड होते आणि तिला हलायचा कंटाळा येतो. दिवाळी झाली आणि रेघा परत सुरू झाल्या. झालं, सिद्धान्त पक्का.

मग आमची वरात निघू लागली. पौर्णिमा आली की जेवणं झाल्याबरोबर सगळ्यांनी पुढच्या अंगणात येऊन बसायचं, घरापासून लांब, फणसाखाली. बाबा तेवढे आत, परातीपाशी. त्यांना कसली भीती नव्हती, बाहेर आम्ही असलो म्हणजे झालं. शेजारच्या काकी आधी गंमत म्हणून आल्या, मग निवडायचे तांदूळ घेऊन येऊ लागल्या. कुणी सुपारी आणी, कुणी भाजलेले काजू. "आज भूकंपाला येणार ना?" असं बायका एकमेकींना विचारत. मी कॉलेजात जाणारी, बी.एस्सी. करणारी मुलगी, आणि महिन्यातून दोनदा मला फणसाखाली बसून भूकंपाची वाट बघावी लागे. माझा जळफळाट होई. अंगणात आम्हांला कधी काही जाणवलं नाही. पण थोड्या वेळानं बाबा आतून येत, दोन बोटं वर करून म्हणत, "दोन." की सगळ्या बायका "अग्गोबाई!" म्हणत आणि सुपं उचलून घरी जात.

हे असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्या वर्षी मार्गशीर्षाच्या अवसेला परातीत रेघ नाही, चांगली ओरबाड उमटली. बाबा रात्री नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हे घर विकायचं. जोर वाढत चाललाय. आपण अकोल्याला जाऊ." अकोल्याला माझे काका होते. तिथली जमीन हलत नाही, असं बाबांचं मत होतं.

आई हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "अकोल्याला मासळी कुठली मिळायची?" एवढंच म्हणाली. तिला विचारायचं होतं भलतंच, हे मलासुद्धा कळलं.

गिऱ्हाईकही मिळालं. पावस गावचा एक चाकरमानी, मुंबईला गिरणीत होता, त्याला खाडीकडचं घर हवंच होतं. बाबांनी त्याला ओटीवर बसवून सगळं खरं खरं सांगितलं, की इथं महिन्यातून दोनदा भूकंप होतो. त्या माणसानं सुपारी तोंडात टाकली आणि हसला. त्याला वाटलं, म्हातारा किंमत वाढवायची काहीतरी नवीनच तऱ्हा करतोय. शिमग्याला गावी येईन तेव्हा कागद करू, असं ठरलं. बाबांनी मात्र स्वतःच्या मनाशी आणखी एक अट घातली होती. पौषातली पौर्णिमा आणि अवस, दोन्ही बघायच्या. दोन्ही वेळी जमीन हलली तरच विकायचं. "उगीच तुझं घर मोडायला मी काही खुळा नाही," असं आईला म्हणाले. आई त्या दिवसापासून देवापुढं हात जोडताना जरा जास्त वेळ उभी राहू लागली.

पौष पौर्णिमेला मात्र ती अंगणात आलीच नाही. चुलीवर तिसऱ्यांचं, खाडीतल्या शिंपल्यांचं, सार होतं आणि डोकं तापलेलं. "पडू दे घर माझ्या अंगावर," म्हणाली, "विकण्यापेक्षा ते बरं." बाबांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं, म्हणून मीही आत तिच्यापाशी थांबले.

आमच्या घराच्या मागं, उतारावर, खाडीच्या धक्क्याकडून येणारा कच्चा रस्ता होता. मध्ये बांबूचं बेट, त्यामुळं दिसे थोडंच. रस्त्यावर आमच्या भिंतीच्या अगदी खाली पावसाचं पाणी जायची एक मोरी होती आणि मोरीवरचा एक दगड सुटलेला. मी खिडकीशी उभी होते. वाळूनं गच्च भरलेला ट्रक घरघरत चढण चढून आला, त्याचं मागलं चाक त्या दगडावर चढलं आणि धाडकन खाली आलं. फडताळातल्या कपबश्या किणकिणल्या. मागच्या खोलीत घुंगरू वाजलं. त्यापाठोपाठ बाबांचा आनंदी आवाज आला, "एक!"

आई आणि मी एकमेकींकडं बघत राहिलो. इतक्यात दुसरा ट्रक आला. धाड. "दोन!"

आई खाडीकाठचीच माहेरवाशीण. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे तिथली पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. पुनवेला-अवसेला उधाणाचं पाणी. पहाटे ओहोटीला खाडी पार आटते, वाळूचे पट्टे उघडे पडतात, माणसं होड्या भरतात. दुपारी बाराच्या सुमाराला भरती चढते तेव्हाच त्या जड होड्या धक्क्याला लागतात. तिथून वाळू ट्रकात, ट्रक आमच्या मागून वर. अष्टमीला भांगाचं पाणी, ना धड आटत, ना धड चढत, म्हणून ट्रक नाहीत. पावसात वाळू बंद, म्हणून भूकंप बंद. बाबांचा सिद्धान्त अगदी बरोबर होता. चंद्रच आमचं घर हलवत होता. फक्त मध्ये होड्या आणि ट्रक होते, आणि आजवर ते कुणी पाहिले नव्हते, कारण ऐन वेळी बाबा आम्हां सगळ्यांना पुढच्या अंगणात हाकलत. तिथं घरघर ऐकू आली तरी बायकांच्या गप्पांत तिकडं लक्ष कुणाचं?

आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. सार उतू गेलं. मग मी म्हटलं, "आता जाऊन सांगते बाबांना." आईनं माझं मनगट धरलं.

"खबरदार. सगळी वाडी त्यांच्या परातीपाशी येऊन बसते. उद्या काय म्हणतील? की एवढा ओव्हरसियर माणूस, ट्रक मोजत होता?"

"पण घर जाईल ना!"

"घराचं मी बघत्ये."

तिनं बघितलं ते असं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती धक्क्यावर गेली. वाळूचा ठेकेदार होडीच्या काठावर बसून विडी ओढत होता. वयानं बाबांएवढा, पण आईला मान देणारा. तो उठून उभा राहिला.

"भाऊ, एक काम होतं," आई म्हणाली. "येत्या अवसेला तुमच्या गाड्या आमच्या मागनं नेऊ नका. वरनं, सड्याच्या माळावरनं न्या."

"का वो वयनी?"

"यांची झोप मोडते दुपारची."

त्यानं जरा विचार केला. "पन त्यांना ऐकू खय येतंय? परवा मी हाकारून हाकारून थकलंव."

"ऐकू येत नाही," आई शांतपणे म्हणाली, "पण हादरा बसतो."

"सड्यावरनं लांब पडतं वयनी. डिझेल लागतं." मग आईच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "बरं, ऱ्हावं दे. अवसेचे चार दिस फिरवून नेतंव. तुमी सांगितलात म्हणून." आईनं दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी डबाभर खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या.

पौषाच्या अवसेला आमचं अंगण भरलं होतं. घर विकणार की नाही ते आज ठरणार, ही बातमी पसरली होती. पालीहून एक आत्या तर केवळ त्यासाठी एस.टी.नं आली होती. बाबा आत गेले. आम्ही फणसाखाली बसलो. आई तांदूळ निवडत होती, पण मी बघत होते, ती चांगलेच तांदूळ टाकून देत होती.

वेळ गेला. कुणी जांभई दिली. आत्यानं विचारलं, "झाला की काय होऊन?" ऊन फणसावरून सरकून विहिरीवर गेलं, तेव्हा बाबा बाहेर आले. एकही बोट वर नव्हतं.

"नाही हलली," म्हणाले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पदर डोळ्यांना लावला. घर वाचलं होतं. मी बाबांकडं बघितलं आणि माझी टाळी मध्येच थांबली. ऐन जत्रेत आई-बापाचा हात सुटलेल्या मुलाचा असावा तसा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशीही जमीन हलली नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दूधवाल्यानं ज्वालामुखीची चौकशी केली, तर बाबा म्हणाले, "पेपरात बघा." काकी चतुर्थी विचारायला आल्या, त्यांना म्हणाले, "पंचांग आहे ना घरी?" दुर्बीण गुंडाळून माळ्यावर गेली. दिवसभर ते ओटीवर बसून राहत, आणि अंगणाकडं तोंड करून नव्हे, भिंतीकडं तोंड करून. आईनं बांगडा तळला, घावणे केले, शहाळ्याचं पाणी दिलं. ते सगळं खात आणि ताट बाजूला सारत. एके दिवशी जेवता जेवता एकदम म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसता खेळत होतो म्हणायचं." मला फार वाईट वाटलं. मी त्यांना उठता-बसता खूळ म्हणत होते, पण ते त्यांनी स्वतः म्हटलेलं मला ऐकवेना.

माघी पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा आई मला म्हणाली, "चल, धक्क्यावर जायचंय."

"आता कशाला?"

"गाड्या परत आमच्या मागनं सोडायला सांगत्ये."

मी रस्त्यातच उभी राहिले. "आई, वेड लागलं का तुला? परत हललं की ते उठून घर विकतील. शिमगा आलाय. तो पावसवाला येईल, कागद होतील. तुझं घर जाईल!"

"जाऊ दे," आई म्हणाली. "घर घेऊन काय करू? आत माणूसच नसलं तर?" ती भरभर पुढं चालू लागली. तिचा आवाज साधाच होता, पण चालताना दोनदा तिची चप्पल निसटली.

ठेकेदारानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता झोप मोडायला पायजे?" त्यानं विचारलं. "होय," आई म्हणाली. त्यानं कपाळाला हात लावला, पण खोबऱ्याच्या वड्यांची त्याला आठवण असावी. "मंग बिनघोर जावा. वाईच जास्तच भरून सोडतंव."

त्यानं शब्द पाळला, थोडा जास्तच. पुनवेला दुपारी फणसाखाली आम्ही दोघीच होतो. बाकी कुणी आलं नव्हतं, भूकंपावरून लोकांचा विश्वास उडाला होता. बाबांना आईनंच आत ढकललं होतं, "एकदा शेवटचं बघून तर या." मागून पहिल्या ट्रकची घरघर आली, मग धाड. मग दुसरा, तिसरा. आई मांडीवरच्या तांदळाच्या सुपात हात ठेवून बसली होती, डोळे मिटून. दर धक्क्याला तिचा ओठ हले. आपलं घर ती मोजून मोजून देत होती असं मला वाटलं. मग आत काहीतरी दाणकन पडल्याचा आवाज झाला.

बाबा बाहेर आले. नाकावर, भुवयांवर, मिशांवर रांगोळी. परात उलटली होती. दोन्ही हातांची बोटं वर होती आणि तीही पुरत नव्हती. तोंड उन्हासारखं फुललं होतं. "बघितलंस?" ते आईला ओरडून म्हणाले. "मी चुकलो नव्हतो! अवसेला तेवढी चुकामूक झाली. पण चुकलो नव्हतो!"

आई उठली तसं मांडीवरचं सूप कलंडलं, पण तिनं आधी पदरानं त्यांच्या भुवया पुसल्या. मग मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग अकोल्याला कधी निघायचं?"

"अकोल्याला?" बाबा तिच्याकडं बघतच राहिले. "खुळी की काय तू! अकोल्याला जाऊन काय करू? तिथं भूकंप आला तर तो कुठल्या दिवशी येईल, कुणाला ठाऊक? इथला तिथीवर येतो, जेवणं झाल्यावर येतो. तो यायच्या आधी मला तुला बाहेर आणून बसवता येतं. असं ठिकाण साऱ्या हिंदुस्थानात दुसरं नाही."

आई खाली बसली आणि सांडलेले तांदूळ वेचू लागली. ते बराच वेळ वेचत होती.

शिमग्याला पावसचा चाकरमानी आला, चहा पिऊन गेला. पुढं वाळू चालू होती तोवर, आणि बाबा होते तोवर, पौर्णिमेला आणि अवसेला आई न चुकता अंगणात जाऊन बसे. ऊन असो, गुडघे दुखत असोत. दर खेपेला काय होई, की मागून ट्रकची घरघर यायला लागली की ती उठून दारातून आत, बाबांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं हाक मारी, "अहो, येतोय हां!" आणि लगेच ओळंबा हले. बाबा चाट पडत. बायकांना भूकंपाची चाहूल आधी लागते, असा त्यांनी नवा सिद्धान्त मांडला, आणि तो फळ्यावर लिहिला.

एकदा त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "मला यंत्र लागतं. तुला नुसतं बसल्या बसल्या कसं गं कळतं?"

"एवढी वर्षं तुमच्याबरोबर काढलीत," आई म्हणाली, "तेवढंही कळणार नाही?"